ऑफिस सुटल्यावरचं म्युनिक: कामाच्या दौऱ्यात संग्रहालयं कशी बघावीत

पहिल्यांदा म्युनिकला गेलो तेव्हा दहा दिवसांत मी तीनच गोष्टी पाहिल्या: हॉटेल, क्लायंटचं कॅन्टीन आणि या दोघांना जोडणारी भुयारी रेल्वे. परत आल्यावर आईने विचारलं, "काय काय पाहिलंस रे?" मी फोनवर एका टेस्ट बेंचचा फोटो दाखवला. तिने चष्मा सरळ करून तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हे तर तुझ्या चाकणच्या कारखान्यातलंच दिसतंय."

गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात असल्यामुळे पुढे म्युनिकच्या आणखी फेऱ्या झाल्या. हळूहळू कळलं की वेळ होता, फक्त तो कुठल्या खिशात आहे ते मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच निघालेल्या टीममधल्या मुलामुलींना मी दर वेळी तेच तेच सांगत बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

१. निघण्याआधी: व्हिसावरचे दिवस मोजा

बिझनेस व्हिसावर गेलात म्हणून शनिवार-रविवारी फिरायला कुणी अडवत नाही. पण दोन दिवस जास्त राहायचं ठरवलंत तर व्हिसाच्या स्टिकरवर किती दिवस मुक्कामाची परवानगी आहे ते आधी बघा. व्हिसा कुठल्या तारखेपर्यंत चालेल आणि किती दिवस राहता येईल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोळ नेमका इथेच होतो. उतरलात तो दिवस आणि निघालात तो दिवस, दोन्ही मोजले जातात. प्रवास-विमा त्या जास्तीच्या दिवसांनाही लागू हवा.

परतीचं तिकीट शुक्रवार रात्रीचं निघत असेल तर ट्रॅव्हल डेस्कला रविवार रात्रीचं मागून बघा. कित्येकदा भाडं तेवढंच असतं, दोन रात्रींचं हॉटेल तेवढं आपल्या खिशातून. मॅनेजरला हे आधी मेलवर कळवा, नंतर खर्चाचा हिशेब देताना तोंड लपवावं लागत नाही.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपासपर्यंत ऑक्टोबरफेस्ट असतो. त्या दिवसांत हॉटेलांचे दर ऐकून तुमचा मॅनेजरच दौरा पुढे ढकलेल. मोठी औद्योगिक प्रदर्शनं भरतात तेव्हाही थोडंफार तसंच.

२. आधी वेळापत्रक, मग यादी

नवखा माणूस आधी "बघण्यासारखी दहा ठिकाणं" शोधतो. कामाला गेलेल्याने आधी कुठलं ठिकाण किती वाजता बंद होतं ते शोधावं. उन्हाळ्यात म्युनिक आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात साडेनऊ नाहीतर साडेदहा झालेले असतात. दिवसभर ज्यांचे फोन पिच्छा सोडत नाहीत ती मंडळी जेवून पेंगत असतात. जर्मन सहकारीही एव्हाना घरी पोचलेले असतात. सहा ते आठ हे दोन तास तुमचे, त्यावर कुणाचाच हक्क नाही.

आणि याच दोन तासांसाठी म्युनिकची काही संग्रहालयं आठवड्यातून एक-दोनदा उशिरापर्यंत उघडी असतात. माझा आठवडा साधारण असा लागतो. मंगळवार आणि बुधवार आल्टे पिनाकोथेक, म्हणजे जुन्या चित्रांचं संग्रहालय, रात्री आठपर्यंत. मंगळवारीच इजिप्शियन कलेचं संग्रहालयही आठपर्यंत. गुरुवारी लेनबाखहाउस, पिनाकोथेक देर मॉडर्ने, ब्रांडहोर्स्ट (ही तिन्ही मुख्यतः आधुनिक कलेची) आणि ग्लिप्टोथेक (प्राचीन ग्रीक-रोमन मूर्तींचं) आठपर्यंत, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी कुणी जेवायला बोलावलं तर मी साडेआठची वेळ देतो. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी त्या-त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांच्या नोए पिनाकोथेकचं नाव जुन्या यादीत दिसलं तर फसू नका. दुरुस्तीसाठी ते काही वर्षं बंद आहे आणि त्यातली निवडक चित्रं आल्टे पिनाकोथेकमध्ये लावली आहेत.

विज्ञान-तंत्रज्ञानाचं डॉइचेस म्यूझियम मात्र पाचलाच बंद होतं. ते शनिवारसाठी राखून ठेवा.

३. रेल्वेचं तिकीट आणि तो निळा डबा

शहरातल्या भुयारी रेल्वेला ऊ-बान म्हणतात, उपनगरी गाडीला एस-बान. शिवाय ट्राम आणि बस. चारहींना एकच तिकीट चालतं. शहराचा मुख्य भाग 'एम' झोनमध्ये येतो आणि इथली सगळी मोठी संग्रहालयं त्यातच आहेत. दिवसातून तीन-चारदा चढ-उतार होणार असेल तर दिवसभराचं तिकीट काढा. दोघं-तिघं मिळून फिरणार असाल तर ग्रुपचं दिवसभराचं तिकीट घ्या. त्यावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो.

स्टेशनात शिरताना आपल्या मेट्रोसारखं फाटक नसतं. कुणी अडवत नाही, तिकीट दाखवा म्हणत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, तिकीट खिशात आहे ना, झालं. पण तिकिटावर तारीख-वेळ छापलेली नसेल तर ते फलाटावर जाण्याआधी लहानशा निळ्या डब्यात सरकवून शिक्का मारून घ्यावा लागतो. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. माझ्यासोबतच्या एकाने तपासनिसाला अगदी कळवळून सांगितलं की तिकीट तर घेतलंय, हे बघा. त्या बाईंनी तितक्याच सौजन्याने पावती फाडली. फोनवरच्या अ‍ॅपमधून तिकीट काढलंत तर ही भानगडच उरत नाही. फक्त चार्जिंग संपू देऊ नका.

रस्त्यावरची एक गोष्ट: पदपथालगत सायकलींची वेगळी पट्टी असते. त्यावर उभं राहून नकाशा बघू नका. म्युनिकचा शांत माणूस सायकलवर बसला की आपल्या टिळक रोडवरच्या दुचाकीस्वारासारखाच वागतो.

४. दारात: लॅपटॉपची बॅग

ऑफिसातून थेट आलात म्हणजे पाठीवर सॅक असणार. सॅक, मोठी पर्स, लांब छत्री आत नेऊ देत नाहीत. तळघरात किंवा दाराशी लॉकर असतात आणि त्यांना नाणं लागतं, बहुतेक एक किंवा दोन युरोचं. उघडल्यावर परत मिळतं. म्हणून पाकिटाच्या एका कप्प्यात दोन-तीन नाणी कायम ठेवा. लॅपटॉप आत ठेवायला जीव होत नसेल तर आधी हॉटेलवर टाकून या. पण त्यात अर्धा तास जातो आणि पलंगावर एकदा पाठ टेकली की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

दारावरच्या पाट्या वाचता आल्या की बरं पडतं. आइनगांग म्हणजे प्रवेश, आउसगांग म्हणजे बाहेरचा रस्ता, कासे म्हणजे तिकीटखिडकी, श्लीसफाख म्हणजे लॉकर, गेश्लोसेन म्हणजे बंद. दुकानात किंवा तिकीटखिडकीवर 'ग्र्यूस गॉट' म्हणा. बव्हेरियातला, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथला, तो रामराम आहे, देवाचं नाव त्यातही आहेच. तो म्हटल्यावर समोरचा चेहरा जरा सैल पडतो आणि मग इंग्रजीत बोललात तरी चालतं.

५. आल्टे पिनाकोथेक: दोन तासांत चारच गोष्टी

बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने हे चित्रसंग्रहालय बांधून घेतलं. १८३६ साली ते उघडलं, वास्तुकार लेओ फोन क्लेंझे. पण आत शिरायची घाई करू नका. आधी बाहेर उभं राहून लांबलचक भिंत नीट बघा. दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्ब पडले आणि इमारतीचा मधला भाग ढासळला. ती पाडून टाकावी असं म्हणणारेही होते. हान्स ड्योलगास्ट या वास्तुकाराने १९५०च्या दशकात ढिगाऱ्यातल्याच विटा वापरून भगदाड भरून काढलं, पण जुनी नक्षी पुन्हा कोरली नाही. मधला पट्टा साध्या विटांचा. दोन्ही बाजूंना कमानी, कोरीव काम, आणि मध्ये ठिगळ. हातमागाच्या जुन्या लुगड्याला आजीने रंग न जुळवता पण नेटका टाका घालून लावलेलं ठिगळ जसं दिसतं, तसंच. फिरत्या ऊनसावलीत ते आणखी ठळक होतं. आतला भलामोठा सरळसोट जिनाही ड्योलगास्टचाच. त्या पायऱ्या चढताना दिवसभराच्या मीटिंगा मागे पडतात, हा माझा अनुभव.

वर शेकडो चित्रं आहेत. सगळी बघायचं मनात आणलंत तर तिसऱ्या दालनात पाय दुखतील आणि पाचव्यात सगळे संत एकसारखे दिसायला लागतील. मी नवख्यांना चार चित्रं सांगतो.

पहिलं, आल्ब्रेश्ट ड्यूररने १५०० साली काढलेलं स्वतःचं चित्र. आकाराने लहान आहे, उंची दोन-सव्वादोन फूट. काळ्या पार्श्वभूमीवर थेट समोर बघणारा माणूस, खांद्यावर रुळणारे केस, अंगात फरची कॉलर असलेला कोट. त्या काळी असं बरोबर समोरून चित्र काढायचं ते ख्रिस्ताचं, आणि या अठ्ठावीस वर्षांच्या चित्रकाराने तिथे स्वतःला बसवलं. बाजूला सोनेरी लॅटिन अक्षरांत आपलं नाव-गाव आणि वयही टाकलं. जवळ गेलात की हात बघा. बोटं कॉलरच्या फरमध्ये रुतली आहेत आणि फरचा एकेक केस वेगळा दिसतो. फार जवळ मात्र जाऊ नका, रखवालदार खाकरतात.

दुसरं आल्टडॉर्फरचं, १५२९ सालचं. सिकंदर आणि इराणचा राजा दरायस यांची इससची लढाई. हे चित्र मोबाइलवर बघण्यात काही अर्थ नाही. दीड मीटर उंचीच्या फळीवर हजारो सैनिक मुंग्यांसारखे पसरलेत. वर आकाश पेटलंय, एका बाजूला सूर्य मावळतोय, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर, खाली समुद्र, बेटं, डोंगर. आकाशात एक पाटी टांगली आहे आणि तिच्यापासून दोरी खाली लोंबते. त्या दोरीच्या टोकापासून नजर सरळ खाली न्या, मग सिकंदर सापडतो, घोड्यावर, भाला रोखलेला. त्याच्यापुढे तीन घोड्यांच्या रथात बसून मागे वळून बघत पळणारा दरायस. दोघं सापडायला मला पहिल्यांदा दहा मिनिटं लागली. शेजारी एक शाळकरी मुलगा होता, त्याला दोन मिनिटांत सापडले. नेपोलियनच्या सैन्याने हे चित्र १८०० साली पॅरिसला नेलं होतं. तिथे ते त्याच्या न्हाणीघरात लावलेलं होतं असं सांगतात.

तिसरं रुबेन्सचं 'अंतिम न्याय'. सहा मीटरहून उंच. क्लेंझेने दालनाची उंची या चित्रावरून ठरवली. समोरच्या बाकावर बसा, मान वर करा आणि पाच मिनिटं काहीही करू नका. चौथं तुमचं तुम्ही निवडा. मी ब्र्यूगेलच्या आळशी लोकांच्या देशाकडे जातो, १५६७चं. त्यात जेवून तट्ट झालेली तीन माणसं झाडाखाली पसरली आहेत आणि उकडलेलं अंडं पायांनी चालत येतंय. रविवारी आमरस-पुरीनंतर आपल्या घरात दुपारी हेच दृश्य असतं.

फोटो काढता येतात, फ्लॅश मात्र चालत नाही.

६. गुरुवार: लेनबाखहाउस

क्योनिग्सप्लाट्झ स्टेशनला उतरलात की बाजूलाच पिवळ्या रंगाचा वाडा दिसतो. कांडिन्स्की, फ्रांझ मार्क आणि त्यांच्या 'निळा घोडेस्वार' या गटाच्या चित्रांसाठी इथे यायचं. मार्कचा १९११ सालचा निळा घोडा इथलाच. पण मला जास्त भावते ती गाब्रिएले म्युंटरची गोष्ट. ती स्वतः या गटातली चित्रकार, कांडिन्स्कीची कित्येक वर्षांची सोबतीण. नाझींनी असल्या चित्रांना 'अवनत कला' म्हणून हद्दपार केलं तेव्हा तिने मुर्नाऊ गावातल्या आपल्या घराच्या तळघरात ती सगळी लपवून ठेवली. युद्ध संपल्यावर, १९५७ साली, ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने तो ठेवा तिने या संग्रहालयाला देऊन टाकला. भिंतीवर आधी कांडिन्स्कीचं नाव शोधाल, पण म्युंटरची स्वतःची चित्रंही शोधा.

इथून चालत पाच मिनिटांवर नाझी इतिहासाचं दस्तावेज केंद्र आहे, २०१५ साली उघडलेलं. नाझी पक्षाचं मुख्यालय होतं नेमक्या त्या जागेवर ही पांढरी चौकोनी इमारत उभी आहे. तिकीट नाही. हिटलरची चळवळ म्युनिकमध्येच वाढली आणि शहर ते झाकून ठेवत नाही. वाचायला पुष्कळ आहे, तेव्हा डोकं ताजं असेल त्या दिवशी जा.

७. सोमवारी फक्त चाला

संग्रहालयं बंद, तर पाय मोकळे करा. मारिएनप्लाट्झ चौकापासून सुरुवात करा. नव्या नगरपालिकेच्या मनोऱ्यातलं बाहुल्यांचं घड्याळ १९०८ पासून चालतंय. सकाळी अकरा आणि बाराला, आणि मार्च ते ऑक्टोबर संध्याकाळी पाचलाही, ३२ माणसाएवढ्या बाहुल्या फिरतात. वर १५६८ सालच्या राजघराण्यातल्या लग्नाची मिरवणूक आणि घोडेस्वारांची भाल्यांची झुंज, खाली पिंपं बनवणाऱ्या कारागिरांचा नाच. शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. खरं सांगायचं तर दहा मिनिटांच्या मानाने फार संथ आहे, पण त्याखाली माना वर करून उभ्या असलेल्या माणसांकडे बघायला मजा येते.

तिथून दोन पावलांवर फ्राउएनकिर्खे हे चर्च, दोन कांदे बसवल्यासारखे मनोरे. ते जेमतेम शंभर मीटरचे, पण २००४ साली मतदान घेऊन शहराने त्याहून उंच इमारती बांधू नयेत असा कौल दिला. आत दाराजवळच्या फरशीवर एक पाऊलठसा आहे, सैतानाचा म्हणतात.

झेंडलिंगर रस्त्यावरचं आझाम भावांचं चर्च चुकवू नका. दोन भावांनी, एक चित्रकार आणि एक मूर्तिकार, १७३३ पासून ते बांधून घेतलं, ते स्वतःच्या घराला लागून. रुंदी फक्त आठेक मीटर. दुकानांच्या रांगेतलं एक दार उघडावं आणि आत सोनं, संगमरवर, ढग, देवदूत सगळे एकदम अंगावर यावेत. अंधार पडत आलेला असताना जा. हिवाळ्यात तो साडेचारलाच पडतो.

८. जेवणाचं काय

शाकाहारी माणूस म्युनिकमध्ये उपाशी राहत नाही. पण सावध राहावं लागतं. केझेश्पेट्झल म्हणजे चीज घातलेले लहान लहान नूडल्स, वर तळलेला कांदा. पोट भरतं, पण पचायला जड. मशरूमच्या सायीच्या रश्शातले पावाचे गोळेही चांगले, त्यांना झेमेलक्नोडेल म्हणतात. बटाट्याची कोशिंबीर बघून खूश होऊ नका. बव्हेरियात तीत बऱ्याचदा मांसाचं पाणी घालतात, तेव्हा विचारून घ्या. ब्रेत्सेल (पीळ घातलेला खारट पाव) आणि लोणी हा संकटकाळचा आधार.

आणि आता या शहराची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. इथल्या बिअरगार्टनमध्ये आपला डबा आपण नेऊ शकतो. पेय तिथलं घ्यायचं, खाणं घरचं. ही १८१२ सालापासूनची रीत. राजाने बिअरवाल्यांना झाडाखाली बिअर विकू दिली पण खाणं विकायला बंदी केली, मग लोक शिदोरी घेऊन यायला लागले. टेबलावर कापड घातलेलं असेल तर तिथे वाढपी येतो, तिथे डबा उघडू नका. उघडं लाकडी टेबल असेल तिथे खुशाल बसा. इंग्लिश गार्डन नावाच्या अवाढव्य बागेत चिनी मनोऱ्याखाली मी आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आहे. शेजारच्या टेबलावरचे आजोबा स्वतःच्या डब्यातला मुळा मीठ लावून खात होते. त्यांनी चटणीकडे बोट दाखवलं, मी थोडी दिली. त्यांनी ती मुळ्याला लावली, दोनदा चावली आणि लगेच बिअरचा मोठा घोट घेतला. बिअर नको असेल तर आप्फेलशोर्ले मागा, सफरचंदाचा रस आणि सोडा.

९. शनिवार: एकच मोठी गोष्ट

इथे तीन वाटा फुटतात आणि तिन्ही एका दिवसात होत नाहीत.

इंजिनिअर असाल तर डॉइचेस म्यूझियम. विजेच्या क्षेत्रातले अभियंते ओस्कार फोन मिलर यांनी १९०३ साली त्याची स्थापना केली, आणि इझार नदीतल्या बेटावरची इमारत १९२५ साली उघडली. २०२२ मध्ये अर्धा भाग नवा होऊन खुला झाला, उरलेल्याचं काम चालू आहे. कुठली दालनं उघडी आहेत ते आधी बघा आणि नऊला दारात उभे राहा. विमानांच्या दालनात राइट बंधूंचं विमान आहे. अणुविज्ञानाच्या दालनात एक साधं लाकडी टेबल आहे, त्यावर तारा, नळ्या, बॅटऱ्या. ओटो हान आणि सहकाऱ्यांनी १९३८ साली युरेनियमचं केंद्रक फुटतं हे ज्या साधनांनी शोधलं, ती ही. आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं टेबल याहून नीटनेटकं असतं. गाड्यांची आवड असेल तर याच संग्रहालयाची श्वांथालरह्योहे स्टेशनजवळची वाहतूक शाखा वेगळी आहे. तिथे कार्ल बेन्झची १८८६ची तीनचाकी मोटार आहे. पुणेकराला ती रिक्षाच वाटणार.

दुसरी वाट डाखाउची. एस-२ने डाखाउ स्टेशन, तिथून ७२६ क्रमांकाची बस. २२ मार्च १९३३ला इथे छळछावणी सुरू झाली, बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं इथे कोंडली गेली, किमान ४१,५०० मेली. प्रवेश विनामूल्य आहे. शवदाहगृहाजवळ एका पाटीवर चार स्त्रियांची नावं आहेत, त्यांत एक नूर इनायत खान. टिपू सुलतानच्या वंशातली ही मुलगी ब्रिटिशांची गुप्त रेडिओ ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ला तिला इथे गोळी घातली. मी ती पाटी शोधत गेलो नव्हतो, अचानक समोर आली. या दिवशी संध्याकाळी काही ठरवू नका.

तिसरी वाट नॉयश्वानश्टाइनची, दुसऱ्या लुडविग राजाच्या त्या परीकथेतल्या किल्ल्याची. आगगाडीने फ्युसेन, दोनेक तास, पुढे बस. आतली फेरी अर्ध्या तासाची, वेळ ठरवून तिकीट काढायचं, आत फोटो काढता येत नाहीत. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत आपल्या शिवकालीन किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्याच बैठकीत लुडविगच्या राजवाड्यांनाही मिळाला. पण राजगड चढलेल्या माणसाला हा किल्ला म्हणवणार नाही. त्याचं काम १८६९ साली सुरू झालं, लढाईशी संबंध नाही, सगळा राजाच्या स्वप्नांचा देखावा. एकच शनिवार असेल तर माझं मत: जाऊ नका. घरचे सोबत असतील तर त्यांना नेलंच पाहिजे, तो वाद मी जिंकलेलो नाही.

१०. रविवार: एका युरोत

रविवारी दुकानं बंद. जवळजवळ सगळी. चॉकलेट, साबण, पाहुण्यांसाठीच्या भेटी, जे काय घ्यायचं ते शनिवारी रात्री आठच्या आत. पण त्याच रविवारी पिनाकोथेक, ब्रांडहोर्स्ट, ग्लिप्टोथेक आणि राज्याच्या मालकीच्या आणखी काही संग्रहालयांचं तिकीट असतं एक युरो. मंगळवारी आल्टे पिनाकोथेक आवडलं असेल तर त्याच चार चित्रांकडे पुन्हा जा, एका युरोत दुसरी भेट. किंवा समोरच्या मॉडर्नेमध्ये खाली डिझाइनचा विभाग बघा. खुर्च्या, टाइपरायटर, गाड्या. ब्रांडहोर्स्टची तर बाहेरची भिंतच बघा: २३ रंगांच्या ३६,००० चिनीमातीच्या दांड्या, लांबून विणलेल्या सतरंजीसारख्या. राजवाड्याचं संग्रहालय, रेझिडेन्झ, या एका युरोच्या योजनेत नाही. त्यातला ६६ मीटर लांबीचा आंटिक्वारियम नावाचा दिवाणखाना बघायचा तर पूर्ण तिकीट काढा, पैसे वसूल होतात.

सामान? हॉटेलमधून सकाळी निघताना खोली सोडा आणि बॅग रिसेप्शनवर ठेवा. संग्रहालयाच्या लॉकरमध्ये ट्रॉली बॅग मावत नाही, मी प्रयत्न केलाय.

विमानतळाला एस-१ आणि एस-८ दोन्ही जातात, पाऊण तास धरा. तो एम झोनच्या बाहेर आहे, तेव्हा झोन ५पर्यंतचं तिकीट लागतं. एस-८ सरळ जाते. एस-१ मात्र नोयफार्न स्टेशनात दोन तुकड्यांत तुटते, पुढचे डबे फ्रायझिंगला आणि मागचे विमानतळाला. घोषणा होते, पण तोवर मी खिडकीला डोकं टेकवून झोपलो होतो. जागा झालो तेव्हा डब्यात विमानतळाचं सामान घेतलेला एकटा मीच होतो. बॅग ओढत फलाटावरून धावलो आणि मागच्या डब्याचं दार बंद होता होता आत शिरलो. एस-१ने जाणार असाल तर चढतानाच डब्यावरची पाटी वाचा आणि मागे बसा.